कुंपणाची उंची

शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील भांडणांचा इतिहास लिहावयास कोणी घेतला, तर त्याचे पहिले प्रकरण बांधाचे आणि दुसरे कुंपणाचे होईल. राजांच्या लढाया बखरींत आल्या, तहांचे कागद जपले गेले. परंतु दोन घरांच्या मधल्या हिरव्या रेषेवरून जे तंटे झाले, ते न्यायालयांच्या दप्तरांतच पडून राहिले. या तंट्यांत एक प्रश्न फार जुना आहे. कुंपण किती उंच असावे? या प्रश्नाला प्राचीन भारतातील धर्मशास्त्राने आणि प्राचीन इंग्लंडमधील राजाज्ञेने एकाच वळणाचे उत्तर दिले: कुंपण भक्कम असावे, राखण करील इतके असावे. त्यानंतर शतके लोटली, आणि २००३ साली ब्रिटनच्या पार्लमेंटला याच प्रश्नाचे नेमके उलटे उत्तर कायद्यात लिहावे लागले: कुंपण प्रमाणाबाहेर उंच असू नये. ही उलटापालट कशी घडली, हे पाहू गेल्यास शेत, घर आणि शेजार यांच्या बदलत गेलेल्या नात्याचाच इतिहास हाती लागतो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुराखी आणि शेतमालक यांच्या तंट्यांचा विचार आला आहे. गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा चराईसाठी मोकळा ठेवावा, असा तेथील नियम आहे. त्या पट्ट्यात कोणी कुंपणावाचून पीक घेतले आणि ते गुरांनी खाल्ले, तर दोष गुराख्याचा नाही. पीक राखावयाचे असेल तर कुंपण घालावे. आणि ते कसे, तर पलीकडचे पीक उंटाच्या दृष्टीस पडू नये इतके उंच आणि कुत्र्याला किंवा डुकराला तोंड घालता येऊ नये इतके दाट. येथे हात किंवा वीत हे माप नाही. प्राणी हेच माप आहे. कुंपणाचा वरचा भाग उंटासाठी, खालचा डुकरासाठी. शेजारी या हिशेबात कोठेच नाही. कुंपण जितके उंच तितके ते चांगले, कारण त्याचा शत्रू जनावर आहे.

इंग्लंडच्या पश्चिम भागात वेसेक्स नावाचे राज्य होते. तेथील राजा आयनी याने सातव्या शतकाच्या अखेरीस जे कायदे केले, त्यांतही हाच विचार आहे. सामान्य शेतकऱ्याने आपले आवार हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही ऋतूंत कुंपणाने बंदिस्त ठेवावे; ते तसे ठेवले नाही आणि त्याच्याच फटीतून शेजाऱ्याचे जनावर आत शिरले, तर त्याला भरपाई मागता येणार नाही. सामायिक कुरणाचा नियम याहून कडक होता. काहींनी आपल्या वाट्याचे कुंपण घातले, काहींनी घातले नाही, आणि त्या मोकळ्या वाटेने गुरे शिरून सर्वांचे नुकसान झाले, तर ज्यांनी वाट मोकळी ठेवली त्यांनी इतरांचे नुकसान भरून द्यावयाचे. कुंपण हे अशा रीतीने शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य होते. ते न घालणारा माणूस वाईट शेजारी ठरे.

झाडाच्या सावलीचा विचार त्या काळी कोणाला सुचलाच नव्हता, असे मात्र नाही. अथेन्सच्या सोलोनने शेजाऱ्याच्या हद्दीपासून पाच फुटांच्या आत झाड लावू नये, आणि अंजीर व ऑलिव्ह यांसाठी नऊ फुटांचे अंतर राखावे, असा नियम घातला होता. रोमच्या द्वादश पट्टांच्या कायद्यात शेजाऱ्याच्या जमिनीवर झुकणाऱ्या झाडाच्या फांद्या पंधरा फूट उंचीपर्यंत छाटाव्यात, असे कलम होते. रोमन कायद्याची ही परंपरा युरोप खंडात टिकली. फ्रान्सच्या १८०४ सालच्या नागरी संहितेने, स्थानिक नियम वा रूढी नसेल तेथे, उंच वाढणारी झाडे हद्दीपासून दोन मीटर दूर आणि इतर झाडे व सजीव कुंपणे अर्धा मीटर दूर लावावीत, असे ठरवून टाकले. तंटा होण्यापूर्वीच अंतर नेमून देण्याची ही रीत. इंग्लंडने ती स्वीकारली नाही. आणि पुढील सारी कथा या न स्वीकारण्यातून निघाली आहे.

इंग्लंडमध्ये सजीव कुंपणाला विशेष महत्त्व आले ते जमिनींच्या बंदिस्तीच्या काळात. पूर्वी गावाची मोठी मोकळी शेते पट्ट्यापट्ट्यांनी कसली जात, आणि माळरानावर गावकऱ्यांना चराईचे हक्क असत. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन बंदिस्त करण्यास मुभा दिली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी या कायद्यांचा पूर आला. ज्याला वाटणीत जमीन मिळाली, त्याने ती ठराविक मुदतीत कुंपणाने वेढावी, अशी अट बहुधा असे. त्यासाठी हॉथॉर्न या काटेरी झुडपाची रोपे मैलोन्‌मैल लावली गेली. ज्या गरीब शेतकऱ्याला कुंपणाचा खर्च झेपला नाही, त्याच्यावर मिळालेला तुकडा विकून टाकण्याची पाळी आली. आज प्रवाशाला इंग्लंडच्या खेड्यांतील जी हिरवी चौकट नयनरम्य वाटते, तिच्यातील बराच भाग असा कायद्याने उगवलेला आहे. जे गुरांना अडवण्यासाठी होते, ते कुंपण आता माणसांना अडवू लागले. राखणीचे साधन मालकीची खूण बनले.

साहजिकच न्यायालयांपुढे येणारा प्रश्नही मालकीचा झाला. कुंपण कोणाचे? इंग्रजी न्यायालयांनी त्यासाठी एक सुटसुटीत गृहीतक बसवले, आणि १८१० सालच्या एका निकालात ते स्पष्ट मांडले गेले. आपल्या हद्दीच्या अगदी कडेला चर खणणारा माणूस खणलेली माती शेजाऱ्याच्या जमिनीत टाकू शकत नाही. ती तो आपल्याच बाजूस टाकतो, तिचा बांध होतो आणि त्या बांधावर तो झुडपे लावतो. म्हणून जेथे कुंपण आणि चर शेजारी शेजारी आहेत, तेथे हद्द कुंपणापाशी नसून चराच्या पलीकडच्या काठाला आहे, असे मानावयाचे. शेतकऱ्याच्या फावड्याच्या हालचालीवरून काढलेले हे अनुमान इतके टिकाऊ ठरले, की १९९९ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्याचाच आधार घेऊन एका तंट्याचा निकाल दिला. कुंपण कोणाचे, याचे उत्तर अशा रीतीने कायद्याजवळ होते. ते किती उंच असावे, याविषयी तो गप्प होता; कारण शेतात तो प्रश्न उद्भवत नव्हता.

तो उद्भवला घराच्या अंगणात. औद्योगिक शहरांच्या कडेने उपनगरे वाढली. दोन महायुद्धांच्या दरम्यान एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे चाळीस लाख घरे बांधली गेली. त्यांतील पुष्कळ घरे जोडघरे होती, पुढे हातभर बाग, मागे लांबट परसू, आणि दोन परसवांच्या मध्ये प्रिव्हेटसारख्या झुडपाचे कापूनछाटून नीट केलेले कुंपण. बिऱ्हाड लहान, बाग लहान. पण 'आपली' म्हणावी अशी जागा हीच. शेतावरचे कुंपण मोठे झाले तर एकराच्या कडेला थोडी सावली पडे. तीस फुटांच्या परसवात तेच कुंपण वाढले तर सबंध बाग सावलीत जाई.

अशा वेळी बाग अंधारात गेलेल्या माणसाने कायद्याचे दार ठोठावले, तर त्याला काय मिळे? १६१० सालच्या आल्ड्रेडच्या प्रसिद्ध खटल्यात असे तत्त्व मांडले गेले होते, की घरातून दिसणारा रम्य देखावा ही आनंदाची गोष्ट खरी, पण ती हिरावली गेली म्हणून दावा लावता येत नाही. १८३२ च्या कायद्याने वीस वर्षांच्या उपभोगानंतर उजेडाचा हक्क मान्य केला. परंतु तो इमारतीच्या खिडकीचा हक्क होता, बागेचा नव्हता. हाच वीस वर्षांचा नियम पुढे १८८२ च्या भारतीय सुविधाधिकाराच्या कायद्यात उतरला, आणि १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यामुळे खिडकीच्या उजेडावरून चाललेले दावे मराठी वकिलांनाही अपरिचित नाहीत. बागेतील ऊन मात्र दोन्ही देशांत कोणाच्या हक्कात बसले नाही.

झुकलेल्या फांद्यांचे तेवढे ठरले होते. १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की शेजाऱ्याच्या झाडाच्या फांद्या आपल्या हद्दीत आल्या असतील, तर त्याच्या जमिनीत पाऊल न टाकता, पूर्वसूचना न देताही त्या छाटता येतात. पण छाटलेल्यावर मालकी मिळत नाही. १९१९ साली एका गृहस्थाने आपल्या बाजूला आलेल्या फांद्यांची सफरचंदे काढून विकली, तेव्हा ती फळे झाडाच्या मालकाचीच आहेत, असे न्यायालयाने सांगितले. या दोन निर्णयांचे तात्पर्य एवढेच, की आडवे वाढणारे झाड कायद्याच्या कात्रीत सापडे, आणि सरळ उभे वाढणारे झाड तिच्यातून सुटे. विटांची भिंत दोन मीटरांहून उंच बांधावयाची तर नगररचनेची परवानगी लागे. तिच्याच जागी दहा मीटरांची झाडांची भिंत उभी केली तर ते 'बांधकाम' नसल्यामुळे कोणाची परवानगी लागत नसे. कायद्यातील ही फट मोठी होती. तिच्यातून शिरेल असे झाड तेवढे मिळावयाचे होते.

ते झाड मिळाले अपघाताने. वेल्समधील वेल्शपूल गावाजवळ लेटन हॉल नावाची जहागीर आहे. तेथील मालक जॉन नेलर याने आपल्या बागेत परदेशी वृक्ष हौसेने लावले होते. त्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे दोन सुरूसारखे वृक्ष होते: उत्तरेकडच्या थंडीतील नूटका सायप्रस आणि कॅलिफोर्नियातील मॉन्टरे सायप्रस. मायदेशी या दोहोंच्या वस्तीत सुमारे हजार मैलांचे अंतर. तेथे त्यांची गाठ पडणे कठीण. वेल्समधील बागेत ते जवळजवळ उभे होते. १८८८ साली नूटकाच्या फळांत मॉन्टरेचे पराग पडून संकर झाला. नेलरचा थोरला मुलगा क्रिस्टोफर याला पुढे लेलंड घराण्याची मालमत्ता वारसाने मिळाली. त्याने लेलंड हे आडनाव घेतले आणि नॉर्थम्बरलंडमधील हॅगरस्टन येथे जाऊन या संकरित रोपांची जोपासना केली. १९११ साली लेटन हॉललाच उलट दिशेचा संकर आढळला. १९२६ साली या झाडाचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध झाले, ते लेलंडच्या नावावरून. लोकांच्या तोंडी ते 'लेलँडी' झाले.

या झाडात दोन्ही कुळांचे गुण उतरले. ते थंडीला आणि खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, बारमाही हिरवे राहते, आणि अनुकूल जागी वर्षाला तीन फुटांपर्यंत वाढते. ते बियांवर विसंबत नाही. फाट्यांपासून त्याची हवी तेवढी रोपे करता येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोपवाटिकांतून ते स्वस्तात विकले जाऊ लागले, आणि शेजाऱ्याची नजर चुकवू पाहणाऱ्या माणसाला मनाजोगते झाड सापडले. चार-पाच वर्षांत पडदा तयार. अडचण इतकीच, की पडदा तयार झाला म्हणून झाड वाढावयाचे थांबत नाही. मोकळे सोडल्यास ते शंभर फूट उंची ओलांडते. शिवाय जुन्या लाकडाला नवी पालवी फुटत नाही. म्हणून छाटणी वर्षानुवर्षे चुकली, की पुढे खोल छाटणे म्हणजे कुंपण उघडेबोडके करणे. आळशी मालकाला आणि हट्टी मालकाला, दोघांनाही हे झाड सारखेच सोयीचे पडले.

भारतीय मनाला येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. सावलीचे एवढे दुःख कशासाठी? वैशाखाच्या उन्हात झाडाची सावली देणारा शेजारी लाभावा, अशीच इच्छा कोणीही करील. उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा, मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. दोन मीटर उंच कुंपणाची सावली दोन मीटरसुद्धा पडत नाही. लंडनमध्ये त्याच वेळी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो. तेथे त्याच कुंपणाची सावली सात मीटरांच्या पुढे जाते, आणि सहा मीटर कुंपणाची बावीस मीटरांच्या आसपास. म्हणजे दक्षिणेकडच्या शेजाऱ्याचे कुंपण दुमजली घराएवढे झाले, तर हिवाळ्यात मागच्या बागेतच काय, स्वयंपाकघरातही ऊन येत नाही. जेथे ऊन हीच दुर्मीळ वस्तू आहे, तेथे ते अडवणारा मनुष्य पाणी अडवणाऱ्यासारखा वाटतो. सावलीखालची हिरवळ करपते, फुलझाडे खुरटतात. कुंपणाने शेत खाल्ले, ही मराठी म्हण तेथे अक्षरशः खरी होते. फरक एवढाच, की खाणारे कुंपण एकाचे आणि खाल्ली जाणारी बाग दुसऱ्याची.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हे तंटे इतके वाढले, की वृत्तपत्रांनी त्यांना 'कुंपणयुद्धे' म्हटले. बागेपुरता तंटा वर्षानुवर्षे न्यायालयांत चाले आणि वकिलांचा खर्च वादाच्या विषयाहून कितीतरी मोठा होई. पुष्कळ वेळा एका बाजूला निवृत्त, वृद्ध, दिवसभर घरीच असणारी माणसे असत. त्यांच्या दृष्टीने बाग म्हणजे उरलेले जगच. दुसऱ्या बाजूचा माणूसही नेहमी दुष्ट असे असे नाही; पलीकडच्या खिडकीतून कोणी पाहू नये, एवढीच त्याची इच्छा असे. २००१ साली पोविस काउंटीत, म्हणजे ज्या काउंटीत हे झाड जन्मले तेथेच, अशा कुंपणाशी जोडल्या गेलेल्या एका वादानंतर एका गृहस्थाचा गोळीने मृत्यू झाला. गंमत म्हणून वाचले जाणारे वृत्त गंभीर आहे, हे त्यानंतर नाकारता येईना.

कायदा व्हावा म्हणून पीडितांची 'हेजलाइन' ही संघटना झटत होती. १९९९ साली सरकारने लोकांची मते मागवली. पण विरोधाचे मूळ खोल होते. प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला, अशी इंग्रज माणसाची समजूत. किल्ल्याच्या आतील झाड किती वाढावे हे सरकारने सांगावे, ही कल्पनाच पुष्कळांना रुचत नव्हती. खासगी सदस्यांनी आणलेली विधेयके वेळेअभावी अडली. अखेर २००३ साली समाजविघातक वर्तनाविरुद्धच्या कायद्यात आठवा भाग म्हणून उंच कुंपणांचा समावेश झाला. अमली पदार्थांचे अड्डे, हवेच्या दाबाच्या बंदुका आणि भिंतींवर रंग फासणे यांच्या पंगतीला शेजाऱ्याचे झाड येऊन बसले. वेल्समध्ये हा भाग २००४ च्या अखेरीस आणि इंग्लंडमध्ये १ जून २००५ पासून लागू झाला.

कायद्याची भाषा सावध आहे. दोन किंवा अधिक सदाहरित वा अर्धसदाहरित झाडांची रांग, दोन मीटरांहून उंच, आणि उजेडाला किंवा वाटेला अडथळा करणारी, तीच 'उंच कुंपण'. एकटे झाड कितीही मोठे असो, ते यात येत नाही. मुळांची तक्रारही येत नाही. तक्रार न्यायालयात नव्हे, तर स्थानिक कौन्सिलकडे करावयाची, आणि तिचे शुल्क तक्रारदाराने भरावयाचे. तत्पूर्वी शेजाऱ्याशी बोलून तंटा मिटवण्याचे सर्व वाजवी उपाय त्याने केलेले असले पाहिजेत. नसतील तर कौन्सिल तक्रार नाकारू शकते. कौन्सिलला उंची कमी करण्याचा आदेश देता येतो, पण कुंपण दोन मीटरांच्या खाली आणण्याचा किंवा समूळ तोडण्याचा आदेश देता येत नाही. निर्णयाविरुद्ध दोघांनाही अपील आहे. आदेश मोडणाऱ्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कौन्सिल स्वतः माणसे पाठवून कुंपण छाटून खर्च वसूल करू शकते.

किती उंची म्हणजे फार, हे ठरवण्यासाठी इमारत-संशोधन संस्थेने एक हिशेब बसवून दिला. बागेची खोली आणि कुंपणाची दिशा यांचा तो गुणाकार आहे. कुंपण बागेच्या दक्षिणेला असेल तर खोलीच्या पाव पट, उत्तरेला असेल तर ०.६५ पट. बारा मीटर खोल बागेच्या दक्षिणेला कुंपण असेल तर तीन मीटरांच्या पुढे ते उजेड खाते. तेच उत्तरेला असेल तर ७.८ मीटरांपर्यंत फारसे बिघडत नाही. कौन्सिलचा अधिकारी या आकड्याला बांधलेला नाही. एकांत, परिसराची शोभा, झाडांचे आरोग्य हेही त्याने पाहावयाचे. तरीही भांडणात प्रथमच असे एक माप आले, जे दोघांपैकी कोणाचेही नव्हते. पुढे उत्तर आयर्लंडने २०११ साली आणि स्कॉटलंडने २०१३ साली आपापले कायदे केले. स्कॉटलंडने तर पानगळीची झाडेही कक्षेत घेतली.

उंटाच्या नजरेपासून सुरू झालेले हे मोजमाप अशा रीतीने सूर्याच्या कोनापर्यंत येऊन पोहोचले. जुन्या कायद्याला कुंपणाची एकच बाजू दिसत होती, आतली. नव्या कायद्याने बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचीही दखल घेतली. मालकी मान्य करूनही त्याने असे सांगितले, की मालकीची रेषा जमिनीवर जेथे संपते, तेथे तिची सावली संपत नाही. आणि त्या सावलीचा थोडा तरी जाब मालकाने दिला पाहिजे. हा विचार बागांपुरता नाही. भारतातील शहरांत सजीव कुंपणे आता थोडी उरली आहेत. परंतु एका घराची भिंत, गच्ची किंवा नवा मजला दुसऱ्याच्या उजेडावर आणि वाऱ्यावर येतो, तेव्हा प्रश्न हाच असतो.

इतके होऊनही या कायद्याने आपली मर्यादा स्वतःच सांगून ठेवली आहे. कौन्सिल तक्रार हाती घेण्याआधी विचारते ते शेजाऱ्याशी बोलणे झाले का, हेच. कुंपण कोठवर छाटावे हे अधिकारी सांगू शकतो. छाटल्यानंतर दोन मीटरांच्या त्या कुंपणावरून दोन्हीकडची माणसे एकमेकांना नमस्कार करतील की नाही, हे मात्र कोणत्याही कलमात लिहिता आलेले नाही.